नागासाकीच्या टेकडीवरच्या वसईकराला

प्रिय संत गोन्सालो गार्सिया,

तुझ्या मरणाची गोष्ट वसईच्या ख्रिस्ती घरातल्या मुलाला फार लवकर कळते. गासच्या चर्चला तुझं नाव आहे, वसईतल्या कॉलेजलाही आहे, आणि फेब्रुवारीत तुझा सण आला की प्रवचनात ती गोष्ट पुन्हा सांगितली जाते. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीची निशिझाका टेकडी, ओळीने उभे केलेले सव्वीस क्रूस, दोन्ही बाजूंनी बरगड्यांत घुसलेले भाले. मग १८६२ साली रोममध्ये संतपदाची घोषणा, आणि भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आमचा अभिमान. गोष्ट तिथे संपते. मला तुला त्यापुढची गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या माघारी, त्याच गावात, अडीचशे वर्षं घडत राहिली. ती सोडून दिली तर श्रद्धेवर ठाम राहणं म्हणजे काय, हे आम्ही आमच्या मुलांना अर्धंच शिकवतो असं मला वाटतं.

आधी तुझ्याबद्दल थोडं. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज बापाच्या आणि इथल्याच मातीतल्या आईच्या पोटी तू जन्मलास. येशूसंघाच्या फादरांकडे शिकलास, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेलास, तिथली भाषा अशी आत्मसात केलीस की लोक तुझं बोलणं ऐकायला येत. तुला त्यांच्या संघात यायचं होतं. त्यांनी तुला घेतलं नाही. कारण काहीही असो, ते तुला किती लागलं असेल, याची कल्पना मला करता येते. तू व्यापार केलास, त्यात यश मिळवलंस, आणि तरी मनातली ओढ गेली नाही म्हणून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झालास. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या सत्ताधीशाकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून तू त्यांच्यासोबत होतास. त्या बलाढ्य माणसासमोर उभं राहून एका वसईकराने बोलणी केली. पुढे क्योतोत तुम्ही चर्च उभारलंत, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं चालवलीत.

परदेशी फादरांनी देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशीने १५८७ मध्येच काढला होता, पण तो सक्तीने अमलात आणला नव्हता. १५९६ च्या शेवटी सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला फुटलं, त्यातला माल जप्त झाला, आणि त्या गडबडीत एक बोलणं हिदेयोशीच्या कानावर गेलं: स्पेनचा राजा आधी फादर पाठवतो आणि मागून सैन्य. ते नेमकं कोण बोललं, बोललं की नाही, यावर अजून वाद आहेत. शिक्षा मात्र तुम्हाला झाली. क्योतोत तुमच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांतून शहरभर फिरवलं, आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभर नेलं. निघताना तुम्ही चोवीस होतात. वाटेत तुमची सेवा करत आलेले दोघे तुमच्यातच जमा झाले.

त्या वाटेवरच्या दोन मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. धर्म सोड, तुला जिवंत ठेवतो, असं अधिकाऱ्याने त्याला सांगून पाहिलं, आणि तो नाही म्हणाला. थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. त्याचा बाप मिगेलही तुमच्याबरोबरच चालत होता. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिलं, आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना श्रद्धेत वाढव, अशा आशयाचं. ते पत्र तिला पोचलं नाही. बापाच्या मृतदेहावर, रक्ताने माखलेलं सापडलं. चाळीशीचा तू त्या पोरांच्या जवळून चालताना काय बोलला असशील? तुला त्यांची भाषा येत होती. तुझ्या सगळ्या आयुष्यातला तो महिना मला सर्वांत जास्त जाणून घ्यावासा वाटतो, आणि त्याबद्दलच कागदावर फार कमी उरलं आहे.

आता तुझ्या माघारी काय झालं ते सांगतो.

१६१४ मध्ये तोकुगावा शोगुनांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. तोवर जपानमध्ये ख्रिस्ती लोकांची संख्या ३ लाखांच्या आसपास गेली होती, असा अंदाज आहे. चर्च पाडली गेली, फादरांना हाकललं, जे लपून राहिले त्यांना शोधून मारलं. तुझ्याच टेकडीवर १६२२ मध्ये एका दिवसात पंचावन्न जणांना जाळलं किंवा त्यांची डोकी उडवली. त्यांत बायका आणि लहान मुलंही होती. १६३७ मध्ये शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी कर आणि छळ दोन्हींविरुद्ध बंड केलं, ते हारा किल्ल्यात हजारोंच्या कत्तलीने संपलं. त्यानंतर पोर्तुगीज जहाजांना बंदर बंद झालं. प्रत्येक घराने बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचं. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या अपराधाला पाचांना जबाबदार धरायचं. फादर पकडून देणाऱ्याला चांदीची नाणी मिळतील, अशा पाट्या चौकाचौकांत.

आणि दरवर्षी एक परीक्षा. येशूची किंवा मारिया मातेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची, आणि गावातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय देऊन पुढे जायचं. आधी कागदाच्या होत्या, मग लाकडात बसवलेल्या पितळी. नागासाकीत नव्या वर्षाच्या सुरुवातीला वहीतली नावं वाचून माणसं बोलावली जात. चालता न येणाऱ्या तान्ह्या मुलाचा पाय आई प्रतिमेला टेकवायची. यातल्या काही प्रतिमा आज संग्रहालयांत आहेत. हजारो पावलांखाली त्यांवरचे चेहरे घासून सपाट झालेले आहेत.

गोन्सालो, इथे थांबून मला तुला एक विचारायचं आहे. त्या ओळीत उभ्या असलेल्यांपैकी अनेकांनी पाय दिला. त्यांतल्या पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनी तुझ्या क्रुसाखाली उभं राहून तुझं रक्त टिपायला फडकी पुढे केली असतील. त्यांना तू कोणत्या नजरेने पाहिलंस?

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर लहानपणी ठरून गेलेलं असतं: क्रुसावर गेला तो हुतात्मा, पाय दिला तो पळपुटा. खुद्द येशूसंघाचे जपानमधले प्रमुख, क्रिस्तोव्हाओ फेरैरा, १६३३ मध्ये खड्ड्यावर उलटं टांगल्यावर काही तासांत धर्म सोडून मोकळे झाले, आणि ती बातमी युरोपला हादरवून गेली. शूसाकू एन्दो या जपानी ख्रिस्ती कादंबरीकाराने १९६६ साली ‘चिन्मोकु’ लिहिली ती याच जखमेवर. पण एन्दोची गोष्ट मुख्यतः फादरांची आहे. मला ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते कोळी आहेत, शेतकरी आहेत. भाताचा कर भरता भरता ज्यांचा जीव जात होता, ती माणसं. आमच्या वसईतल्यासारखीच.

ते पाय देऊन घरी यायचे, दार लावायचे, आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. पापाची कबुली ऐकायला फादर नसेल तर मनापासूनच्या पश्चात्तापानेही देव क्षमा करतो, हे शिकवणारं एक छोटं जपानी पुस्तक बंदीच्या आधीच, १६०३ च्या सुमारास तयार झालं होतं. ते हाताने उतरवून, पाठ करून, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. आपण केलं ते बरोबर होतं, असं त्यांनी स्वतःला कधी सांगितलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. सोपं होतं ते. शंभर वर्षं सगळं गाव पाय देतंय, तर त्याला नुसता सरकारी सोपस्कार म्हणून टाकता आलं असतं. त्यांनी त्याला दरवर्षी पापच म्हटलं, दरवर्षी क्षमा मागितली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्या ओळीत उभं राहावं लागणार हे ठाऊक असूनही मागितली. याला दुबळेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू एकदा मेलास. ते दरवर्षी त्या ओळीतून गेले.

आणि बाकीचं सगळं त्यांनी फादरांवाचून चालवलं. बाप्तिस्मा देणारा एक, सणवारांची गणती ठेवणारा एक, घरोघर निरोप पोचवणारा एक, अशी कामं गावागावांत वाटून घेतलेली. प्रार्थना लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांच्या. अर्थ विसरला, उच्चार झिजले, तरी म्हटल्या जात होत्या. मांडीवर बाळ घेतलेली बौद्ध कान्नोनची मूर्ती देव्हाऱ्यात ठेवून ते तिच्यात मारिया मातेला पाहत. नागासाकीजवळच्या सोतोमे भागात बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाचं सांगणं प्रसिद्ध होतं: सात पिढ्या सरल्या की मोठ्या काळ्या जहाजातून पापकबुली ऐकणारे फादर येतील. बास्तियान पकडला गेला, मारला गेला. सांगणं राहिलं. त्याने लावून दिलेली सणांची दिनदर्शिकाही राहिली.

आता जे घडलं ते ऐकून तुला आनंद होईल, कारण त्यात तू आहेस.

जपानची बंदरं पुन्हा उघडली, आणि परदेशी लोकांपुरतं म्हणून नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच फादरांनी चर्च बांधलं. १८६५ च्या फेब्रुवारीत त्याचा अभिषेक झाला. ते त्यांनी अर्पण केलं सव्वीस हुतात्म्यांना; संत म्हणून तुमची घोषणा तीनच वर्षांपूर्वी झाली होती. १७ मार्चला उराकामी गावातून दहा-पंधरा माणसं आली, बायकाही होत्या. वरवर पाहता नवी इमारत बघायला आलेले खेडूत. फादर बर्नार पतिजाँ वेदीपुढे प्रार्थना करत होते. त्यांतली एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचं हृदय आणि तुमचं हृदय एकच आहे. मग तिने विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? मूर्तीसमोर नेल्यावर ती माणसं बोलू लागली. आपण दुःखाच्या काळातल्या सतराव्या दिवशी आहोत, असं त्यांनी फादरांना सांगितलं. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. उपवासकाळाचा तो खरोखर सतरावा दिवस होता.

हे वाचून मी कितीदा थांबलो आहे. दोनशेहून अधिक वर्षं एकही फादर नाही, चर्च नाही, घंटा नाही, छापलेलं पुस्तक नाही, आणि दिवस एकानेही चुकलेला नाही. या माणसांचे पूर्वज दरवर्षी पाय देत आले होते, हे लक्षात ठेव. क्रुसावर गेलेल्यांनी त्यांना साक्ष दिली. दिवस मोजून इथवर आणलं ते पाय देऊन परतलेल्यांनी. तुझ्या टेकडीकडे तोंड करून बांधलेल्या, तुझ्या नावाच्या चर्चमध्ये ते बाहेर आले, हे मला न्यायाचं वाटतं.

छळ तिथेही थांबला नाही. बंदी कायम होती. १८६७ मध्ये उराकामीत धरपकड सुरू झाली, आणि शोगुन जाऊन नवं सरकार आल्यावर त्याने सुमारे ३,४०० गावकऱ्यांना देशभर वेगवेगळ्या ठिकाणी हद्दपार केलं. त्सुवानो इथे त्यांना उभंही राहता येणार नाही अशा पिंजऱ्यांत कोंडलं, गोठलेल्या तळ्यात बुडवलं. सहाशेहून अधिक माणसं मेली. काहींनी हार मानून धर्म सोडतो म्हणून सांगितलं. १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या उतरल्या आणि लोक गावी परतले, तेव्हा त्या हार मानलेल्यांतले अनेक पुन्हा प्रार्थनेला येऊन बसले. दरवर्षी जिथे नावं वाचून पाय द्यायला लावत, ती गावप्रमुखाच्या वाड्याची जागा गावाने विकत घेतली आणि तिथे चर्च बांधायला घेतलं. त्याच चर्चजवळ ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब फुटला. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मेले. याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

एक जड गोष्ट तुझ्याशी बोलायची राहते, आणि ती टाळली तर हे पत्र खोटं पडेल. तू तीन-चार वर्षांचा होतास तेव्हा, १५६० मध्ये, गोव्यात धर्मन्यायालय सुरू झालं. वसईपर्यंत त्याचा हात होता. आपल्या प्रांतातली देवळं पाडली गेली, सण-संस्कारांवर बंदी आली, घरात तुळस ठेवणंही संशयाचं झालं. जपानमध्येसुद्धा ओमुराच्या ख्रिस्ती सरदाराच्या मुलखात १५७४ मध्ये बौद्ध मंदिरं आणि शिंतो देवस्थानं जाळली गेली. हिदेयोशीच्या १५८७ च्या हुकमात ती तक्रार लिहिलेलीच आहे. म्हणजे तुझ्या छातीत भाले शिरत होते त्याच काळात, तुझ्याच धर्माच्या नावाने, तुझ्या आईच्या नातेवाइकांना कुणी तरी लपूनछपून देव पुजायला लावत होतं. तीही माणसं ठाम राहिली. मूर्ती रातोरात नदीपलीकडे नेल्या, सण दार लावून केले. छळ सोसलेल्या ख्रिस्ती माणसाने त्यांना ओळखायलाच हवं. उराकामीची ती बाई त्यांच्यासमोर उभी राहिली असती तर तिने त्यांना लगेच ओळखलं असतं, अशी माझी खात्री आहे.

वसईत ती सत्ता १७३९ मध्ये संपली. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज जहाजांत बसून गेले. आमचे पूर्वज इथेच राहिले, भातशेती आणि मासेमारी करत, मराठी बोलत. राजाचा आधार गेल्यावर त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची झाली, असं मी मानतो. वरून कुणाचा हात नसताना जी टिकते तिच्याबद्दल मला आदर वाटतो, मग ती वसईतली असो, सोतोमेतली असो, की गोव्यात देव लपवणाऱ्यांची.

आणि हे सगळं जुनं झालेलं नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये ओडिशातल्या कंधमाळ जिल्ह्यात एका स्वामींची हत्या झाली, तिचा आळ ख्रिस्ती लोकांवर आला, आणि गावंच्या गावं पेटली. हजारो कुटुंबं जंगलात पळाली. घरी परतायचं असेल तर धर्म सोडल्याचं लिहून द्या, असं अनेकांना सांगितलं गेलं. काहींनी नकार दिला आणि मारले गेले. त्यांतल्या पस्तीस जणांना हुतात्मा घोषित करण्याची प्रक्रिया सुरू करायला रोमने २०२३ मध्ये परवानगी दिली. मला त्याचा आनंद आहे. पण ज्यांनी मुलाबाळांकडे पाहून त्या कागदावर अंगठा उठवला, त्यांची नावं कोणत्याही प्रक्रियेत येणार नाहीत. त्यांना आपल्याच चर्चच्या दारात पुन्हा उभं राहायचं असतं, आणि शेजारच्या बाकावर तो माणूस बसलेला असतो ज्याचा भाऊ मारला गेला.

म्हणून माझं तुझ्याकडे मागणं आहे. येशूसंघाने दार लावलं तेव्हा तू आडवाटेने आत आलास; बाहेर उभं राहणं काय असतं ते तुला ठाऊक आहे. सव्वीस जणांच्या त्या ओळीत तू दुभाषा होतास, दोन्हीकडचं ऐकून घेणारा. ज्यांनी पाय दिला, ज्यांनी सही केली, ज्यांनी भीतीने मान डोलावली आणि नंतर घरी जाऊन रडले, त्यांच्या वतीने देवाशी बोल. आणि आम्हाला एवढं शिकव, की असा कुणी परत आला तर त्याने तिकडे काय केलं हे विचारण्याआधी बाकावर सरकून त्याला जागा द्यावी.

येत्या फेब्रुवारीत तुझ्या सणाच्या मिस्सेत भाविकांच्या प्रार्थना होतील, तेव्हा त्यांत एक प्रार्थना या माणसांसाठी घालावी, असं मी आमच्या फादरांना सांगणार आहे. ती मराठीत असेल, चार ओळींची असेल, आणि तिच्यात सोतोमे, उराकामी, कंधमाळ ही नावं मोठ्याने वाचली जातील.

तुझा,
वसईचा एक गाववाला